हात धुवायला लावणाऱ्या कमलताई

कमलताईंची आणि माझी पहिली भेट अमरावतीत, राजापेठेतल्या त्यांच्या छोट्याशा कार्यालयात झाली. घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या मुलींना त्या तिथे तयार करीत. माझं नुकतंच लग्न झालेलं, हातात भरगच्च हिरवा चुडा. ताईंनी माझं प्रमाणपत्र बाजूला सारून मनगटांकडे पाहिलं.

"बांगड्या काढ. त्याच्या खाली हात धुतल्या जात नाही."

सासूबाई काय म्हणतील, म्हणून मी कचरले.

"नवऱ्याले काई होत नाई वं, पेशंटले होते!"

मला रागच आला. पण संध्याकाळी ताई स्वतः आमच्या घरी आल्या, चहा प्यायल्या आणि सासूबाईंचं मन वळवूनच उठल्या.

शिस्तीच्या बाबतीत ताई खाष्ट आहेत, हे मी मोकळेपणाने लिहिते. खोटी स्तुती त्यांना खपत नाही. हातमोजे काढल्यावरही हात धुवायचे, सुई टोचली तर लपवायचं नाही. सर्दी झालेल्या मुलीला त्या कामावर पाठवत नसत, पण तिचा पगार कापत नसत. उलट तिच्या घरी डबा पोचवीत.

शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदारांच्या घरी गोदाकाकूंवर कर्करोगाचे उपचार सुरू होते; त्यांच्या सेवेला ताई आणि मी जात होतो. साधा संसर्गही जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला सारं गाव लोटतं! काकूंचे थोरले दीर आबासाहेब बागेतून आले, रिवाजाप्रमाणे दारात पाय धुतले आणि भावजयीसाठी संत्रं सोलत आत निघाले. ताई आडव्या उभ्या राहिल्या.

"माह्याच घरात मले काहून अडवून राहिल्या तुमी?"

"पाय धुतले, हात राहिले. हे संत्रं तिच्या तोंडात जाणार आहे, भाऊजी."

आबासाहेब तडक परत फिरले. उद्यापासून येऊ नका, असा निरोप आला. ताई मात्र दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी हजर. "माह्यावर रागवा, पण तिले सांभाळू द्या," एवढंच त्या म्हणाल्या. आबासाहेबांनी अबोला धरला; पण नळाशी साबण त्यांनीच आणून ठेवला, आणि पुढे भेटायला येणाऱ्यांना तेच आधी नळाकडे पिटाळू लागले. काकू त्या आजारातून सुखरूप उठल्या. तो आनंद मला आजही शब्दांत सांगता येत नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, असं लिहिणारच होते. पण ताईंच्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा मागायला आबासाहेबांकडे गेले, तेव्हा तेच म्हणाले, "बाईले सांगजा, शंभर वर्सं जगा. आमच्या घरचे अजून लय जन म्हातारे व्हाचे आहेत."