हिरवा केलेला डोंगर

“तू समोर उभा होतास का?” काका हे कुणालाही विचारत. अमक्या हॉटेलातली मिसळ बेकार आहे म्हणा, तमक्यांचं नवराबायकोचं पटत नाही म्हणा, डावा डोळा बारीक करून हाच प्रश्न. नव्हतो म्हटलं की विषय संपला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्यासमोर गप्पा मारणं किती अवघड, हे तुम्हाला सांगायला नको.

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला ते मुलीकडे राहत, आमच्या समोरच्याच टाउनहाउसमध्ये. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी स्कॉलरशिपवर प्रागला चित्रकला शिकायला गेले होते आणि तिथे एकोणिसाव्या शतकातल्या एका चेक निसर्गचित्रकाराच्या नादी लागले, ते कायमचे. त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. काका मात्र त्याच्याबद्दल थोरल्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत.

“व्हिएन्नात बस्तान बसलं होतं रे त्याचं. पन्नाशी उलटल्यावर प्रागला शिकवायला बोलावलं. गेला. आणि पोरांना वर्गातून उठवून रानात नेलं. झाड काढायचंय ना? मग झाडापाशी चला.”

काकाही रोज सकाळी घडीचं स्टूल घेऊन डोंगरासमोर बसत. इथले डोंगर उन्हाळाभर वाळलेले असतात. आम्ही सगळे त्याला ‘गोल्डन’ म्हणतो. काका म्हणत, “वाळकं गवत आहे. वाळकं म्हणायला लाज कसली?”

मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक होतो. काकांनी आयुष्यातला पहिला लेख लिहिला, त्या चित्रकारावर. कव्हरसाठी डोंगराचं चित्रही दिलं. लेखाचं शेवटचं वाक्य होतं : ‘मुखपृष्ठावरचा डोंगर मी त्याच्या शिकवणीप्रमाणे, समोर बसून, दिसला तसा रंगवला आहे.’

अध्यक्षबाईंनी चित्र फोनवर पाहिलं. “यार, हे फार डल आहे. दिवाळी आहे, दुष्काळ नाही. थोडं ग्रीन कर ना.”

मी केलं. लॅपटॉपवर दोन मिनिटांचं काम. काकांचं दार माझ्या खिडकीतून दिसत होतं. उठून विचारायला गेलो नाही.

छापून आलेला अंक काकांनी बराच वेळ हातात धरला.

“प्रिंटरची चूक झाली, काका,” मी म्हणालो.

“छापताना तू समोर उभा होतास?”

“नाही.”

चूक प्रिंटरची नव्हती. काका जाऊन तीन वर्षं झाली, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “आत लिहिलंय दिसला तसा, आणि बाहेर हे. मी खोटा ठरलो तर ठरलो. पण त्याचं नाव घेऊन खोटा ठरलो.”

अंक दिवाळीच्या कार्यक्रमात वाटायचे होते. मी हॉलवर पोचलो तर काका दारातच टेबल मांडून बसलेले. समोर अंकांचे गठ्ठे, हातात ब्रश. चकचकीत कागदावर जलरंग धरेना, म्हणून ॲक्रिलिक आणलेले. एकेका कव्हरवरचा डोंगर ते पुन्हा तपकिरी करत होते. रंगवलेले अंक फराळाच्या टेबलावर, चकल्यांशेजारी, वाळत उभे होते.

“काका, साडीला लागेल हो,” एक काकू म्हणाल्या.

“मग लांब धरून वाचा.”

अध्यक्षबाई आल्या. “काका, प्लीज. प्रोग्रॅम लेट होतोय. लोकांना हिरवाच आवडतोय.”

“आवडू दे ना. डोंगराला विचारलंत का?”

रांग लागली. आधी लोक हसत होते, मग आपापला अंक दोन्ही हातांनी पुढे करू लागले. मी गठ्ठे उचलून देत होतो. दर अंकाला वाटायचं, आता सांगावं. तेवढ्यात ते पुढच्यासाठी हात करत.

शेवटी माझा स्वतःचा अंक उरला. मी तो टेबलावर ठेवला. काकांनी ब्रश बुडवला, कव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळा बारीक केला नाही. अंक उलटा फिरवून माझ्यापुढे सरकवला.

“तुझा राहू दे,” म्हणाले, “तू केलायस तसाच.”

आणि ब्रश धुवायला उठून गेले.