अर्पणपत्रिकेतली रिकामी जागा

दुपारचं जेवण उरकून कुमुद प्रुफं उशाशी घेऊन आडवी होते. आरोग्यसेविकांसाठी तिनं केलेली शब्दांची पुस्तिका उद्या छापायला जायची आहे. पारलिंगी, तृतीयपंथी, आणि जन्मतःच ज्यांचं शरीर बाई किंवा पुरुष या साच्यात बसत नाही ते आंतरलिंगी. सगळे अर्थ नीट लागलेत. घोडं अडलंय अर्पणपत्रिकेवर. 'माझ्या दिवंगत', आणि पुढे कोरं. भाऊ लिहायचं की बहीण? जगाला शब्द शिकवायला निघालेल्या नर्सबाईंना घरातल्या माणसासाठी एक सापडू नये! डोळा लागतो.

पंख्याची घरघर शिवणयंत्राची होते. गडहिंग्लजच्या दुकानात तिचं थोरलं भावंड मशीनवर वाकलंय. जाऊन दोन वर्षं झाली, तरी गळ्यात टेप तशीच. कुमुदला ना आनंद होतो, ना भीती. आत सगळं बधिर आहे.

"उभी राहा, खांदा घेऊ दे. बटणपट्टी कुठल्या बाजूला?"

हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, समोर मिशाळ पैलवान असला तरी. पुरुषाची एका बाजूला, बाईची दुसऱ्या, हे ठरलेलंच, म्हणून लोक हसायचे. जन्मताना सुईण मुलगी म्हणाली, चौदाव्या वर्षी डॉक्टर मुलगा म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता दुकानाचं प्रसूतिगृह झालंय. रिकाम्या पाळण्यांमधून भावंड पुढे चालतंय, कुमुद मागे.

"बाबांनी दादा म्हणायला लावलं," ती सांगते. "तोंडातून निघेना. मग मी काहीच म्हटलं नाही. नुसतं 'ऐकलं का' म्हणत दिवस काढले."

"पन्नास वर्षं! लई शहाणी गं तू."

"आता तरी सांग. काय म्हणू?"

"विचारलंस बाई एकदाचं." कुमुदच्या खांद्यावर निळा खडू टेकतो. "पुस्तकात आंतरलिंगी लिही, चांगला शब्द आहे. मला तेव्हा कुणी सांगायला हवा होता. पण त्याआधी घरात तू मला अक्का म्हणायचीस. ते कुठं ठेवलंस?"

अक्का दातानं दोरा तोडते.

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर चढलेलं असतं. रडू येत नाही. कुमुद पेन घेते, 'माझ्या दिवंगत'च्या पुढे 'अक्काला' लिहिते. सूचनांच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ घालते: शब्द लावण्याआधी माणसाला विचारा.

पदर सारखा करताना हात खांद्यावर जातो. बोटांना निळा खडू लागतो. या घरात मशीन नाही, खडूही नाही.

"अक्का," कुमुद मोठ्यानं हाक मारते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.