ढगातले पाय

दोमितिलाबाई यार्लेकेंबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता. पण त्या दिवशी स्टुडिओत जे होते, त्यातला मीच उरलो आहे. मी दिवेवाला. तिसेक वर्षं पिउरा गावातल्या एका लहानशा टीव्ही वाहिनीत दिवे लावले आणि विझवले, त्यामुळे शब्दांशी माझी फारशी ओळख नाही.

दोमितिलाबाई आमच्या कपडेवाल्या. खोली त्यांना नव्हतीच. जिन्याखाली शिवणयंत्र, वर एक पिवळा बल्ब, आणि यंत्राच्या खणात टाचण्यांबरोबर केळ्याच्या काचऱ्यांची पुडी. बाई ठेंगण्या, रुंद, चालताना थोड्या डुलायच्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून त्यांचं बोलणं दातांतून यायचं आणि रागाचं वाटायचं. बरेचदा ते रागाचंच असायचं.

दर शनिवारी सकाळी आमचा मुलांचा कार्यक्रम थेट लागायचा, ‘ढगांची गाडी’. तो नेरीमावशी चालवायची. तिचं नाव नेरिदा इपानाके. आधी बालवाडीत शिकवायची. समोर चाळीस मुलं जमिनीवर मांडी घालून बसायची आणि ती त्यांना गाणी, कोडी, गोष्टी सांगायची.

त्या काळी राजधानीतल्या, लिमाच्या, वाहिन्यांवर मुलांच्या मावश्या आखूड चड्ड्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून नाचत. आमच्या वाहिनीचे मालक रिगोबेर्तोसाहेब, त्यांनाही तेच हवं होतं. “लिमाला चालतं, मग इथे का नाही?” साहेब म्हणायचे.

“लिमाला समुद्रावरचा वारा आहे,” दोमितिलाबाई दातांतून म्हणायच्या, “इथे अख्खं गाव दारात बसलेलं असतं.”

मग पालकांची समिती झाली. तीन आया, आणि नन्सच्या शाळेतल्या मदर बेनिग्ना. त्यांनी नियम लिहून दिले: झगा गुडघ्याखाली चार बोटं, गळा मानेखालच्या हाडाच्या वर, बाही कोपरापर्यंत, वाकलं तरी पाठ झाकलेली. दोमितिलाबाईंनी तो कागद यंत्रावर चिकटवला. मोजायच्या मात्र स्वतःच्या पद्धतीने. नेरीला लाकडी खोक्यावर उभी करायच्या आणि स्वतः जमिनीवर बसायच्या, मुलं बसतात तिथे.

“मदर उभ्या राहून मोजतात,” त्या मला म्हणाल्या होत्या. “बघणारं पोर खाली बसलेलं असतं. हे कुणाला सुचलंय का?”

मला तरी सुचलं नव्हतं.

कार्यक्रमाला पाच वर्षं झाली तेव्हा साहेबांनी ढगाचा पोशाख शिवायला सांगितला. बाईंनी पांढऱ्या मलमलीचे थरावर थर लावून झगा शिवला, आत अस्तर, घोट्यापर्यंत लांब, बाह्या मनगटापर्यंत. नियमाने चार बोटं मागितली होती, बाईंनी वीतभर जास्त दिली. दारातल्या उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिला, माझ्यासमोर.

आणि मी काय केलं ते आता सांगतो.

मला तो ढग पाहून काहीतरी झालं. लहानपणी सेचुराच्या वाळवंटात बापाबरोबर गाढवावरून जाताना पहाटे मी एकदा असा ढग पाहिला होता. वाळूवर टेकलेला, आतून उजळलेला, जणू त्याच्या पोटात कुणी कंदील घेऊन चाललंय. तो मी कधी कुणाला दाखवू शकलो नव्हतो. शनिवारी नेरी मंचावरच्या गाडीतून उतरली तेव्हा मी समोरचे दिवे मंद केले आणि तिच्या पाठचा मोठा दिवा हळूहळू पूर्ण वर नेला.

झगा पेटल्यासारखा उजळला. कडा सोनेरी झाल्या, मलमल धुक्यासारखी हलू लागली. मुलं गप्प झाली. मी दिव्यांच्या खटक्यावर हात ठेवून तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मला ढग दिसत होता. खरंच सांगतो, मला फक्त ढग दिसत होता.

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून ओरडली, “मावशी, तुमच्या ढगात पाय आहेत!”

मुलं खदखदून हसली. नेरीही हसली, तिला काही कळलंच नव्हतं. तेव्हा मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. झग्याच्या आत तिचं अख्खं शरीर, कमरेपासून घोट्यापर्यंत, सावलीसारखं उभं होतं. मी दिवा झटकन मंद केला. मिनिटही झालं नसेल, पण बाहेर टेलिफोन वाजायला लागला होता आणि तो दुपारपर्यंत थांबला नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी रिगोबेर्तोसाहेब स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. म्हणाले, शिंपिणीने हलगर्जीपणा केला, हलकं कापड वापरलं, तिला आजपासून काम नाही. दोमितिलाबाई जिन्याखालच्या पिवळ्या उजेडात ते ऐकत होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. मी दहा पावलांवर होतो. मी तारा गुंडाळत राहिलो.

नोकरी गेली एवढंच असतं तर त्यांनी निभावलं असतं. पण त्यांचं खरं पोट नन्सच्या शाळेवर होतं. मुलींच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचे असायचे. पुढच्या तीन दिवसांत अकरा आया कापड परत न्यायला आल्या. एक तर दारातच म्हणाली, “तुमच्या हातचा झगा घालून माझी पोर देवासमोर कशी उभी राहील, बाई?”

बुधवारी मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगायचं म्हणूनच गेलो होतो.

“बस, सेगुंदो. दारात उभा राहून सावली पाडू नकोस.”

त्यांनी काचऱ्या पुढे केल्या. मांडीवर तो ढग होता. खिडकीशी धरायच्या, उलटा करायच्या, परत धरायच्या.

“मला यात काही दिसत नाही,” त्या म्हणाल्या. या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या, आवाज अगदी वेगळा वाटला. “अख्ख्या गावाला दिसलं आणि मला दिसत नाही. डोळे गेले वाटतं माझे. शुक्रवारी समितीने बोलावलंय. शाळेचं काम काढून घेतलं की यंत्र विकून टाकीन आणि सुयाना गावाला बहिणीकडे जाईन. डोळे गेलेल्या शिंपिणीने काय करायचं?”

माझ्या तोंडात काचरी होती. ती गिळायला मला फार वेळ लागला. तेवढ्यात शेजारीण आली, आणि मी उठलो. हे लिहितानाही कान तापतात.

शुक्रवारी चार वाजता समिती स्टुडिओत बसली, मुलांच्या जागेत मांडलेल्या बुटक्या बाकांवर. दोमितिलाबाई झगा मांडीवर घेऊन एका टोकाला. नेरी त्यांच्या शेजारी, त्यांचा हात धरून. रिगोबेर्तोसाहेब मंचावर गाडीपुढे उभे. पांढरा लिननचा सदरा, पांढरी लिननची विजार, त्या उन्हाळ्यात गावातले सगळे बडे पुरुष घालायचे तशी.

“सभ्यतेच्या बाबतीत,” साहेब सांगत होते, “ही वाहिनी कुणाचीही गय करत नाही. बाईंना नियम माहीत होते. कापडाकडे त्यांनी बघितलं नाही.”

“बघितलं होतं,” नेरी म्हणाली.

“तू गप्प बस, तुलाही अंगावर काय आहे ते कळायला हवं होतं.”

मदर बेनिग्ना दोमितिलाबाईंकडे वळल्या. “बाई, तुम्ही बघितलं होतं का?”

“बघितलं होतं, मदर. पण मला आता कमी दिसत असावं.”

त्यांनी ते इतक्या साधेपणाने मान्य केलं की माझा हात आपोआप हलला. जीभ कधीच अशी हलली नाही. मी समोरचे दिवे मंद केले आणि पाठचा मोठा दिवा वर नेला, शनिवारी नेला होता तसाच, हळूहळू.

साहेबही उजळले. लिननच्या कडा सोनेरी झाल्या. आणि त्या उजेडात त्यांचे धनुष्यासारखे वाकडे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत लोंबणारी रुंद चड्डी दिसली, आणि वर, बगलेशी, बनियनचं मोठं भोक.

“सभ्यता ही,” साहेब म्हणत होते, “आतून असावी लागते.”

एका आईने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. दुसरी सरळ हसत सुटली. मदर बेनिग्नांनी क्रूस केला आणि मग, मला अगदी नक्की आठवतं, खाली स्वतःच्या अंगाकडे पाहून आपला पांढरा झगा दोन्ही हातांनी घट्ट लपेटला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, तुमच्या ढगात पाय आहेत,” नेरी म्हणाली.

मी खटका पाडला आणि पुढे आलो. चाळीस मुलांच्या जागेत सहा बायका बसल्या होत्या, तरी मला गर्दी वाटली. “दिवा माझा होता,” मी म्हणालो. “शनिवारीही. कापड चांगलं होतं. मला ढग करायचा होता.” एवढंच आलं.

मग दोमितिलाबाई उठल्या, डुलत माझ्यापर्यंत आल्या.

“म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?”

“ठीक आहेत, बाई.”

“आणि बुधवारी माझ्या घरी काचऱ्या खाताना तुला हे माहीत होतं?”

“होतं.”

“सहा दिवस,” त्या म्हणाल्या. “सहा दिवस मी स्वतःला आंधळी समजत होते, अरे गाढवा.” आणि त्यांनी तो ढग माझ्या हातात कोंबला. “पुन्हा लाव तो दिवा.”

मी लावला. त्यांनी मलमलीमागे हात धरून बोटं पसरली. एक, दोन, तीन, चार, पाच; सगळी मोजता येत होती. त्यांनी अस्तर दुमडून दुहेरी केलं. बोटं गेली, फक्त उजेड उरला. मदर बेनिग्ना बाकावरून उठून बघायला आल्या. तिथल्या तिथे त्या कागदावर नवा नियम लिहिला गेला: मुलांसमोर जाणारं प्रत्येक कापड आधी दिव्यासमोर धरायचं, आणि मोजणी दोमितिलाबाईंची.

साहेबांना त्यांना परत घ्यावं लागलं. अकरापैकी नऊ आया कापड घेऊन परत आल्या. दोघी आल्या नाहीत, आणि बाईंनी त्यांची नावं कधी घेतली नाहीत. दुहेरी अस्तराचा ढग पुढच्या शनिवारी मंचावर आला. मी पाठचा दिवा अर्ध्यावरच ठेवला होता. जिन्याखालून आवाज आला, “पूर्ण ने रे, सेगुंदो, आता काय घाबरतोस?”

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी बाई कापड घेऊन यायच्या. रिकामा स्टुडिओ, अंधार, एकच दिवा, आणि त्यासमोर निळं, केशरी, कैरीच्या रंगाचं कापड आणि त्यामागे एक रुंद हात. आम्ही फारसं बोलायचो नाही. स्वप्नात मी कुठे असतो असं कुणी विचारलं, तर मी अजून तिथेच असतो.

पुढे त्यांचे डोळे खरोखरच गेले, मोतीबिंदू आणि मग आणखी काही. कार्यक्रम तोवर बंद झाला होता, पण कम्युनियनचे झगे त्या हाताच्या अंदाजाने शिवत राहिल्या. मी स्टुडिओतला जुना दिवा त्यांच्या घरी आणून ठेवला होता. शेवटच्या वर्षी त्यांनी त्यासमोर कापड धरलं आणि मागे बोटं पसरली.

“किती?”

“तीन दिसतात, बाई.”

“खरं सांगतोस ना? लगेच सांग हं, सहा दिवसांनी नको.”

“तीन,” मी म्हणालो.

त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या आणि अस्तर दुमडलं.