पाच मनोरे

चष्मेवाले काका गेले, त्याला तीन आठवडे झाले. दुकान बंद आहे. काचेतून आत पाहिलं की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसतो.

त्यांची माझी ओळख त्या तक्त्यासमोरच झाली. मी साहित्याची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. तिसऱ्याच ओळीला अडखळलो. ते म्हणाले, "कविराज, पुस्तकांनी डोळे खाल्ले तुझे. चल वर, लांबचं बघायची सवय लावतो."

वर गच्चीवर त्यांची ढाबळ होती. बावीस कबुतरं, प्रत्येकाच्या पायात नंबराची कडी. शहरातल्या कबुतरवाल्यांचा एक क्लब होता. शर्यतीसाठी सगळ्यांची पाखरं पेट्यांत भरून ट्रकने पाचशे किलोमीटर दूर न्यायची आणि तिथून एकदम सोडायची. ज्याचं पाखरू आधी घरी, तो जिंकला. ट्रकबरोबर काका जात. हवा बघून दारं कधी उघडायची, हे ते एकटे ठरवत. एकोणीस वर्षं ठरवलं. दर वेळी स्वतःची सगळ्यात लाडकी मादी ते त्याच पेट्यांत घालत. म्हणत, "आपलं काही आत असलं की हात घाई करत नाही."

मला खिंडीतल्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा माझ्यापेक्षा तेच खूश झाले. पाखरांची वाट त्या खिंडीवरून जायची. पाखरं सोडायची तिकडे ऊन पडलेलं असो, खिंडीत धुकं असलं तर पाखरं भरकटतात, खाली उतरतात, विजेच्या तारांवर आपटतात. माझ्या खोलीमागे डोंगरावर सात मनोरे चढत गेले होते, त्याच तारांचे. सकाळी पाच मनोरे दिसले तर पाखरं पोचेपर्यंत धुकं उठतं. चार दिसले तर ते दुपारपर्यंत बसून राहतं. काकांचा हिशेब एवढाच होता.

शर्यतीच्या सकाळी ट्रकपाशून ते मला फोन करत. पहिल्या वेळी मी म्हणालो, "काका, धुकं अगदी विरळ आहे. दुधाळ."

"मी दूधवाल्याला फोन नाही केला. आकडा सांग."

गेल्या वर्षीची शेवटची शर्यत. पहिल्या दिवशी तिकडे पाऊस. काका थांबले. दुसऱ्या दिवशी समोरून वारा. पुन्हा थांबले. सभासदांचे फोन सुरू झाले. पोस्टमन म्हणाला, "काका, पाखरं सोडायला नेलीत की उबवायला?" बेकरीवाला म्हणाला, "अंडी झाली की कळवा." काका हसले. पण पेटीत बसून पाखरांची ताकद जाते, हेही खरंच होतं. तिसऱ्या सकाळी आभाळ स्वच्छ निघालं. सहा चाळीसला त्यांनी मला फोन केला.

मी पांघरुणात होतो. पडदा सरकवला. तीन मनोरे दिसत होते आणि चौथ्याचं टोक. मागून उजेड येत होता. वाटलं, पाच मिनिटांत मोकळं होईल.

"किती?"

"पाच," मी म्हणालो.

"नीट बघितलंस?"

"हो, काका."

"बरं. झोप आता."

सात वाजता त्यांनी दोनशे चौदा पाखरं सोडली. दहाला, ती खिंडीशी पोचायच्या सुमाराला, मला पहिला मनोराही दिसत नव्हता.

संध्याकाळपर्यंत एकतीस घरी आली. दुसऱ्या दिवशी नऊ. काकांची मादी त्यांत नव्हती.

क्लबच्या बैठकीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. बेकरीवाला म्हणाला, "जगाला चष्मे देता आणि स्वतःला आभाळ दिसत नाही?" कोणी हसलं नाही. पोस्टमनची चौदा पाखरं गेली होती. तो उठून उभा राहिला. "खिंडीत विचारलं होतंत की नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आभाळ मी पाहिलं. दारं मी उघडली." पेट्यांच्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या.

मी तोंड उघडलं नाही.

मग दर रविवारी ते पहिल्या बसने खिंडीत यायचे. मी सोबत जायचो. तारांखालच्या गवतात पाखरं शोधायची, पायातली कडी कापून घ्यायची, नंबर बघून मालकाच्या घरी नेऊन द्यायची. सव्वीस सापडली. बेकरीवाल्याने दार उघडलं नाही, तेव्हा त्याची कडी त्यांनी पायरीवर ठेवली आणि रुमालाने हात पुसले.

एकदा चढावर मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी खरं म्हणजे..."

"पायाखाली बघ," ते म्हणाले. "घसरडं आहे."

ढाबळीतली पाखरं त्यांनी वाटून टाकली. दुकान उघडायचे, पण डोळे तपासायचं बंद केलं. "नंबर दुसरीकडून काढून आणा," म्हणायचे. स्वतः फक्त दांड्या बसवायचे, स्क्रू पिळायचे. गेले तेही काउंटरवरच, एक फ्रेम हातात धरून.

काल काकूंकडे गेलो. त्या काकांचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होत्या.

"काकू, त्या सकाळी त्यांनी मला फोन केला होता."

"केला होता रे. लागला नाही ना." त्यांनी वर पाहिलं नाही. "तेच म्हणाले मला. कितीदा भांडले मी. लागला नाही तर सोडलीत कशाला? जेवताना भांडले, झोपताना भांडले. वर्षभर."

"लागला होता. मी तीन मनोरे पाहिले आणि पाच सांगितले."

काकूंच्या हातातला सदरा अर्धा घडी झाला होता. तो तसाच मांडीवर राहिला.

"मग बोलायचंस की रे एकदा," त्या म्हणाल्या. "मी एवढं बोलले नसते त्यांना."