किनाऱ्यावरचे रोडगे

आमच्या घरच्या सहली माझे थोरले काका काढतात आणि सहलीला ‘अभ्यास दौरा’ म्हणतात. बसच्या समोर फ्लेक्स होता: ‘दक्षिण सागर अभ्यास दौरा’. त्यावर काकांचा फोटो आणि मागे, फोटोतून उरलेल्या जागेत, समुद्र. अकोल्याहून निघताना बसमध्ये आम्ही पंचवीसेक नातेवाईक, गॅसची शेगडी, कणकेची पोती आणि एक पोतं गोवऱ्या. वऱ्हाडी माणूस शेतात, देवळात, धरणावर कुठेही गेला की रोडगे करतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, सोबत वांग्याची भाजी. समुद्राला यातून सूट द्यावी असं काकांना वाटलं नाही.

रोडग्यांची कणिक आमच्याकडे आईनेच मळायची असते. हे कोणी ठरवलं कोणास ठाऊक; ठरवणारे हात झटकून कधीच निघून गेले.

आईचं म्हणणं एवढंच होतं : “मले एकडाव समुद्रात बसाचं हाये. पाय भिजवून याचं नाई, बसाचं.” तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं मचूळ पाणी तिने लग्न होईपर्यंत डोक्यावर वाहिलं. जे खारं पाणी आपल्याला वाहावं लागणार नाही, ते तिला एकदा पाहायचं होतं. वडील मळ्याला पाणी देण्यासाठी घरी थांबले, आणि आम्ही निघताना मला म्हणाले, “आईले समुद्रात बसवून आणजो.”

कारवारच्या खाली उतरलो तरी ते जमेना. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर पोचलो तर आधी नाश्ता. नाश्ता होईपर्यंत पुढच्या देवळाची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी देवळंच होती. तिसऱ्या दिवशी पोरं बनाना बोटीवर बसली, काकांनी लाइफ जॅकेट घालून कोरड्या वाळूत फोटो काढून घेतला, आणि आई बसच्या सावलीत कांदे चिरत होती. शेवटच्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर गोवऱ्यांचं पोतं उतरलं. वाऱ्याने निखारा धरेना. काका वाळूत खड्डा खणायच्या सूचना देत होते. सूर्य उतरायला लागला होता, आणि अंधार पडायच्या आत जीवरक्षक सगळ्यांना पाण्याबाहेर काढणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचा प्रवास.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. काका आईचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ती त्यांच्याशी बोलत नाही, ते तिच्याशी बोलत नाहीत. दोघं चार हातांवर उभी असली तरी निरोप मधल्या माणसामार्फत जातो. तिच्या लग्नापासून हे चाललंय, आणि मला वाचा फुटल्यापासून तो मधला माणूस मी आहे.

“सांग आईले,” काका म्हणाले, “कणिक मळाले घे म्हना. इस्तव होऊन राहिला.”

आई परातीपाशीच उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. पण रीतीप्रमाणे ती माझ्या तोंडाकडे पाहत थांबली.

मी चार दिवसांचा वैतागलेला होतो. म्हणालो, “आई, काका म्हनते समुद्रात बसून ये.”

काका माझ्याकडे बघत राहिले. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर डोक्यावर नीट घेतला, पीठ झाडलं आणि म्हणाली, “भासरेच म्हनते तर जाव लागन.” आणि निघाली.

“अबे, मी काय म्हनलो अन् तू काय सांगून राहिला? बोलाव तिले.”

“तुमीच हाक मारा, काका.”

एवढ्या वर्षांत त्यांनी तिला कधी हाक मारलेली नव्हती. काय म्हणून मारायची हेही त्यांना माहीत नसावं. परातीतल्या पिठावर वाळू उडत होती. शेवटी त्यांनी खाली बसून स्वतःच परातीवर रुमाल झाकला.

आई पाण्यात बसली, नऊवारीसकट, घरच्या ओट्यावर बसते तशी मांडी घालून. एक लाट तिच्या कमरेपर्यंत आली, दुसरीने तिला अर्धवट फिरवलं. मी धावलो, तर तिने हातानेच थांब म्हटलं. पाचेक मिनिटं झाली असतील. मग शिट्टी वाजली. जीवरक्षक, ज्याला आमच्या रीतीशी काही देणंघेणं नव्हतं, सरळ तिच्यापाशी गेला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “अम्मा, उठो. बंद.”

चार दिवस, आणि पाच मिनिटं. मी त्याच्याशी वाद घालायला गेलो, तर आईनेच मला ओढलं. ओल्या लुगड्याने तिने कणिक मळली. रोडगे बाहेरून जळाले, आत कच्चे राहिले आणि दाताखाली कचकचले. काकांनी दोन खाल्ले आणि फक्कड झाले म्हणाले, अर्थात मला.

रात्री मुक्कामावर जाताना बसमध्ये आई माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “भासऱ्याच्या नावानं खोटं बोलला तू. लाज नाई वाटली?”

मी म्हणालो, “नाई.”

“मंग जरा लवकर बोलाचं होतं,” ती म्हणाली, आणि लुगड्याचा ओला काठ खिडकीबाहेर पिळू लागली.