शाळेला हेडमास्तर मिळेना

फादरनी विचारलं तेव्हा मी चहा घेऊन दारातच उभी होते. "मास्तर, तुमच्या मागं शाळा कोण बघणार?"

आमचे हे कळमनुरीकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते. निजामाच्या राज्यातली लहानशी कॅथलिक शाळा. ह्यांचा खोकला हटत नव्हता, आणि आता रुमालाला रक्त लागायला लागलं होतं. ते ऐकूनच फादर हिंगोली स्टेशनावरून बैलगाडीनं आले होते.

"शोधू की कुणीतरी," हे म्हणाले.

मी म्हटलं, "खालचे वर्ग मीच घेते ना, फादर. मला न्हाई का जमणार?"

फादर ओशाळले. "बाई, तहसिलीत जावं लागतं, उर्दूत बोलावं लागतं. तिथं बाईमाणसाचं कोण ऐकणार?"

माणूस मिळणं सोपं नव्हतं. कॅथलिक हवा, शिकवायचं शिक्षण झालेला हवा, उर्दू यायला हवी, वर आमच्या गावात राहायची तयारी हवी. एक जण आला, आडाचं पाणी बघून परत गेला. दुसऱ्याच्या बायकोनं गाडीतून पाय खाली टेकवला नाही. शेवटी औरंगाबादेकडचा एक तरुण मास्तर आला. त्याची पेटी ओसरीवर ठेवली तेव्हा मी आमची भांडी मोजायला लागले. घर शाळेचं होतं. नवा हेडमास्तर झाला की लहानग्या पोरीला घेऊन आम्हाला ते सोडावं लागणार होतं.

तो आमच्याकडंच जेवायचा. मी त्याच्या ताटात भाकरी आदळायचे. तो मान खाली घालून म्हणायचा, "वहिनी, पिठलं छान झालंय." मला आणखीच राग यायचा.

ह्यांचा आवाज बसला होता. बाजेवर पडूनच ते त्याला शाळा समजावून सांगायचे. "लमाणांच्या तांड्यावरची लेकरं सुगीत येत न्हाईत. त्यांच्यावर चिडायचं न्हाई, आपण तांड्यावर जायचं. तहसिलीत गेलात की कारकुनाच्या आधी चपराशाला सलाम करा, म्हणजे आत सोडतो." तो अगदी उशाशी बसून ऐकायचा.

"लांब बसा हो," मी म्हणायचे.

"लांबून ऐकू येत नाही, वहिनी."

उन्हाळ्याच्या तोंडाशी हे गेले. त्यांना माती देऊन आल्यावर मी भांडी बांधायला घेतली. तो दारात येऊन म्हणाला, "घर सोडायला कुणी सांगितलं? मला वर्गामागची खोली पुरते." त्या दिवसापासून भाकरी आदळणं बंद झालं. खालचे वर्ग मी घेत राहिले. तांड्यावरची पोरंही जास्त यायला लागली, कारण तो खरंच सारखा तिकडं जायचा.

पुढं एका थंडीत वर्गातून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी ओळखला. पिठाचे हात तसेच घेऊन वर्गाच्या दाराशी गेले. त्यानं फळ्याकडून वळून बघितलं.

"वहिनी, आत येऊ नका," तो म्हणाला. "पोरांना बाहेर झाडाखाली न्या."

फादरनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. उन्हाळ्यात तो गेल्याचा निरोप आला. त्याचं वय ऐकून गावातल्या बाया रडल्या. त्याच्या आईला मी कधी बघितलं नव्हतं, पण किती तरी दिवस मला तिचंच वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर कुणी यायलाच तयार होईना. "हेडमास्तर येऊन राहिलेत," असं तहसिलीत सांगत फादरनी वेळ मारून नेली, आणि शाळा मी चालवली. मग रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. गाव वऱ्हाडात पळालं, पोरीला घेऊन मीही गेले. परत आलो तेव्हा शाळेची दारं-खिडक्या कुणीतरी उचकटून नेली होती.

फादर म्हणाले, "माणूस मिळत नाही, बाई. बंद करतो."

"मी हाय की," मी म्हटलं. ते गाडीत जाऊन बसले.

मी कळमनुरीत एका घरी स्वयंपाकाला राहिले. त्या घरातल्या लेकरांना मास्तर शिकवायला यायचे. मी आतून ऐकायचे.