बेरिल सगडेनचं सडपातळ झाड

बेरिल सगडेन या बाईने एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं जेवण रांधलं, आणि त्या सगळ्या काळात तिच्या मालकीची माती म्हणाल तर खिडकीतल्या एका कुंडीपुरती. खाटकाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत संसार झाला, तिथूनच नवरा गेला, तिथूनच मुलगी लग्न करून कॅनडाला गेली. निवृत्त झाल्यावर तिने साठवलेल्या पैशांतून इथे विलायतेतच, हॅलिफॅक्समधल्या आमच्या गल्लीतलं शेवटचं घर घेतलं, ते केवळ मागच्या बागेसाठी. बाग कसली, लांबीला नऊ पावलं आणि रुंदीला पाच. पण बेरिलबाईंचा थाट असा, की जणू पंचक्रोशी नावावर झाली आहे.

स्वयंपाकघरातल्या बायकांनी विचारलं होतं, "बेरिल, निरोपाला काय देऊ तुला? भिंतीवरचं घड्याळ?"

"घड्याळाकडे बघून बघूनच म्हातारी झाले बायांनो. झाड द्या मला."

रोपवाटिकेतल्या माणसाने बागेचं माप ऐकून आधी डोकं खाजवलं, मग एक काठीसारखं रोप आणून उभं केलं. शोभेचं रानसफरचंद. "हे वर जातं, बाजूला पसरत नाही. दोन्ही हातांच्या मिठीत मावेल. फक्त वाऱ्यात हलू देऊ नका, खुंटाला पट्ट्याने घट्ट बांधा." बाईंनी घट्ट बांधलं. सात वर्षांत ते बारा फूट झालं आणि रुंदी खरंच मिठीएवढीच राहिली. मे महिन्यात खालपासून वरपर्यंत गुलाबी फुलं, उन्हाळ्यात जांभळट पानं, आणि थंडीत करवंदाएवढी लाल फळं. फळं इतकी आंबट, की पक्षीसुद्धा नवं वर्ष उजाडेपर्यंत त्यांच्या वाटेला जात नसत. बाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडाशेजारी उभ्या राहून त्याला दिवसाचा बेत सांगत. आज वाटाण्याचं सूप, उद्या मासा. सवय सुटत नव्हती, आणि ऐकायला दुसरं होतं कोण?

दुसरं होतं, पण भिंतीपलीकडे. पलीकडचे नॉर्मन हॉयल बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले, विधुर, अबोल. कमरेएवढ्या दगडी भिंतीवरून दोघांचं सात वर्षांत जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल.

"आज जरा गारठा आहे, मिसेस सगडेन."

"आहे खरा, मिस्टर हॉयल. पण कालच्याइतका नाही."

"नाही, कालच्याइतका नाही."

झालं. याला आमच्याकडे उत्तम शेजार म्हणतात.

बाईंचा स्वाभिमान मात्र कडक. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका सकाळी त्यांच्या दारात सफरचंदांची पिशवी दिसली. चिठ्ठी नाही, नाव नाही. सुगीच्या सणाला चर्चमधून एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना असा शिधा जातो, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी उचलून त्या तडक चर्चमध्ये गेल्या आणि मैत्रीण ग्लेंडा वेदी सजवत होती तिच्यासमोर ती आपटली.

"ज्याला गरज आहे त्याला द्या. मी अजून कुणापुढे हात पसरलेला नाही!"

"अगं पण आम्ही पाठवलीच नाही," ग्लेंडा म्हणाली.

"हो हो, कुणीच पाठवत नसतं!"

पुढच्या वर्षी पुन्हा पिशवी, पुन्हा चर्च. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. ग्लेंडाने वाद घालणं सोडलं आणि सफरचंदं निमूट वेदीजवळ मांडली.

तर यंदाच्या फेब्रुवारीत बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, की हॉयल त्यांच्या बाजूने भिंत मोजताहेत. टेप लावून लांबी घेतली, उंची घेतली, वहीत लिहिली. मग दगडांमधला चुना बोटाने खरवडून पाहिला. मग मान वर करून बाईंच्या झाडाकडे पाहिलं, भिंतीवरून वाकून बुंध्याकडे पाहिलं, आणि दोनदा नकारार्थी मान हलवली.

बाईंनी खिडकीशीच हिशेब मांडला. झाड भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर. मुळं भिंतीत शिरली असणार, चुना सुटत असणार, आणि हा सभ्य माणूस ते सांगायला कचरत असणार! दुसऱ्या दिवशी पुन्हा टेप, पुन्हा वही, पुन्हा ती मान. बाईंची झोप उडाली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही.

"विचार ना त्यांना सरळ," ग्लेंडा म्हणाली.

"असं कसं विचारू? त्यांना अवघड नाही का वाटणार?"

"भिंत कुणाची आहे?"

"कागदोपत्री माझीच."

"मग 'नाही' म्हण की!"

"आणि मग रोज सकाळी कुठल्या तोंडाने म्हणू, आज गारठा आहे म्हणून?"

ग्लेंडाने कपाळाला हात लावला. पण बाईंचा हिशेब पक्का झाला होता. हॉयलनी मागण्याआधीच आपण झाड काढून टाकायचं. म्हणजे त्यांना मागावं लागणार नाही, आपल्याला नाही म्हणावं लागणार नाही, आणि शेजार शाबूत राहील. असला उफराटा चांगुलपणा आमच्या गल्लीतच पिकतो.

मार्चच्या पहिल्या शनिवारी बाई करवत घेऊन बाहेर आल्या. फांद्यांवर कळ्यांची टोकं फुगायला लागली होती. त्यांनी झाडाला शेवटचा बेत सांगितला, "आज काही नाही रे बाबा, पाव आणि चहा." मग नाक पुसून, गुडघे टेकून, खुंटाच्या पट्ट्याखाली त्यांनी करवत लावली. पहिल्या ओढीला साल कापली गेली. दुसरीला पांढरा भुसा पडला.

"बेरिल! अहो बेरिल! थांबा! काय करताय काय, बाई!"

सात वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने त्यांना नावाने हाक मारली होती. बाई वळून बघतात तो हॉयल घरातल्या सपाता आणि पायजम्यानिशी भिंत ओलांडताहेत. एक सपात पलीकडेच राहिली. आल्या आल्या त्यांनी करवत हिसकावून घेतली.

"तुमच्यासाठीच करत होते," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "भिंतीसाठी. मुळं शिरलीत ना भिंतीत?"

"कुणी सांगितलं मुळं शिरलीत म्हणून?"

"तुम्ही मोजत होतात. माझ्या झाडाकडे बघून मान हलवत होतात!"

हॉयल एका सपातेवर उभे, तोंड उघडं. मग सावकाश म्हणाले, "मान त्या पट्ट्यासाठी हलवत होतो. बघा ना, केवढा रुतलाय. सात वर्षांत सैल नाही केलात. आणखी दोन वर्षांत झाडाचा गळा आवळला असता."

"मग सांगायचं नाही का?"

"दुसऱ्याच्या बागेत आपण कसं बोलायचं?"

बाईंनी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, बोट शिरेना.

"आणि टेप?" त्यांनी विचारलं.

हॉयल भिंतीवर टेकले. त्यांच्या बाजूला घराच्या कोपऱ्याआड, बाईंना इथून न दिसणाऱ्या भिंतीलगत सफरचंदाचं एक झाड तारांवर पसरवून वाढवलेलं होतं. जॉइसने, त्यांच्या बायकोने लावलेलं. "दर वर्षी फुलायचं, फळ एक नाही. जॉइस म्हणायची, धरेल पुढच्या वर्षी. असं म्हणता म्हणता ती गेली. मग तुमचं हे झाड फुललं. माझ्या झाडाला जोडीला दुसऱ्या जातीचा बहर हवा होता, तेवढंच. मधमाश्या इकडून तिकडे जायला लागल्या, आणि तीन वर्षांपूर्वी फळं धरली. टोपलीभर." त्यांनी भिंतीच्या दगडावर हात ठेवला. "आता म्हटलं, या भिंतीवरही तारा ठोकून आणखी एक लावावं. पण भिंत तुमची. तीन आठवडे झाले, कसं विचारावं याचाच विचार करतोय."

बेरिलबाईंचा जीव असा भांड्यात पडला, की त्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता एकदम थांबल्या.

"सप्टेंबरातली पिशवी?"

"मीच ठेवायचो. वाटा तुमचाच ना त्यात. पहिल्या वर्षी पाहिलं तर सफरचंदं चर्चमध्ये मांडलेली. म्हटलं, आवडत नसतील यांना. पण वाटा द्यायला तर हवाच."

म्हणजे ज्या फळासाठी ती जॉइस जन्मभर वाट बघून गेली, ते आपण तीनदा, न चाखता, रागाने चर्चमध्ये आपटलं! बाईंना शरमेने मान वर करवेना. हॉयलनी खिशातून चाकू काढला, पट्टा कापला, आणि बुंध्यावरच्या करवतीच्या खुणेवर अंगठा फिरवला.

"वरवरचंच आहे. भरून येईल."

"तारा ठोका," बाई म्हणाल्या. "हव्या तेवढ्या ठोका. आणि आत चला आधी, पाय गारठला असेल तुमचा."

यंदा सप्टेंबरात दारात पिशवी ठेवलेली नव्हती. दार वाजलं. हॉयल उभे, हातात पिशवी, आणि सवयीने म्हणाले, "आज जरा गारठा आहे."

बेरिलबाईंनी पिशवीतलं एक सफरचंद काढलं, पदराला नव्हे, ॲप्रनला पुसलं, आणि तिथेच उंबऱ्यात उभ्या उभ्या त्याचा मोठा घास घेतला. रस हनुवटीवर आला.

"जॉइसला सांगा," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या, "गोड आहे."